रन म्हणजे दौड़ना, चलना की भागना? लेकीच्या हिंदी वर्कशीटने डोकं खाल्लंय

सांगलीची_माई

नमस्कार मंडळी, जरा मदत पाहिजे. माझी लेक सातवीत आहे, इंग्लिश मिडियम, तिच्या हिंदीच्या टीचरनी सुट्टीत एक वर्कशीट दिलंय, इंग्लिशची १५ वाक्यं हिंदीत करून आणायची आणि प्रत्येक वाक्यात रन हा शब्द आहेच. वर्गात फळ्यावर रन म्हणजे दौड़ना एवढंच लिहून दिलेलं, झालं, आमच्या बाईसाहेबांनी पंधराच्या पंधरा ठिकाणी दौड़ना ठोकलंय. पहिलंच वाक्य "मेरे पापा दुकान दौड़ाते हैं". आमचं हार्डवेअरचं दुकान आहे, ह्यांनी वाचलं आणि म्हणाले दौडतंय कुठलं, उधारीवर रांगतंय.

पुढे बघा, "मेरी नाक दौड़ रही है". मग "नल दौड़ रहा है". साखर संपली त्याला इंग्लिशमध्ये रन आउट म्हणतात ना, तिथे तिने लिहिलंय "हम चीनी से बाहर दौड़ गए". हसू का रडू कळेना. पण एक वाक्य आहे, ट्रेन एक तास लेट चाललीय, त्याचं तिने केलंय "ट्रेन एक घंटा देर से दौड़ रही है", आता हे मला बरोबर वाटतंय कारण आपल्या पेपरात लोकल उशिराने धावतायत असंच येतं की. हे म्हणतात चूक आहे पण का चूक ते त्यांनाही सांगता येईना, त्यावरून जेवताना अर्धा तास वाद झाला. माझं हिंदी म्हणजे सिरियल आणि भाजीवाला एवढ्यापुरतं. कुणी नीट सांगेल का कुठे काय वापरायचं? नुसती उत्तरं नकोत, तिला पटलं पाहिजे, वकिलासारखे प्रश्न विचारते.

इंदूरी_मराठा

माई, आम्ही होळकरांच्या काळापासून इंदूरचे, घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर हिंदी, त्यामुळे या घोळातून आमची प्रत्येक पिढी गेलीय.

पोरीला आधी एक विचारा, पळणारी वस्तू काय आहे? पाय असलेलं काही असेल, माणूस, कुत्रा, घोडा, तर दौड़ना. यंत्र, धंदा, गाडी, शाळा, कोर्टातली केस असं काही असेल तर चलना. आणि ते कोणी चालवणारा वाक्यात असेल तर चलाना. म्हणून पापा दुकान चलाते हैं. पाणी, रक्त, नाक असं पातळ काही असेल तर बहना, "मेरी नाक बह रही है", आणि नाक हिंदीत स्त्रीलिंगी आहे, आपल्यासारखं ते नाक नाही, तेवढं तिने बरोबर लिहिलंय त्याचे मार्क द्या तिला. नळाचं मात्र "नल खुला है" नाहीतर "नल से पानी बह रहा है".

खरं सांगू का, इंग्लिशमध्ये जे काम रन करतो ते हिंदीत निम्म्याहून जास्त चलना करतं. पंखा चल रहा है, घड़ी चल रही है, क्लास चल रही है, पिक्चर चल रही है, मुक़दमा चल रहा है, साँस चल रही है, लग्नाची बोलणी सुरू असतील तर "बात चल रही है". आपल्याकडे वारा सुटतो, हिंदीत हवा चलती है. आपली बंदुकीची गोळी सुटते, त्यांची गोली चलती है. आमच्या गल्लीत तर सकाळी भेटल्यावर पहिलं वाक्यच "क्या चल रिया है भिया", त्याचं इंग्लिश करायला बसलात तर संध्याकाळ होईल.

आता चलना मध्ये दोन खड्डे आहेत, मराठी माणूस हमखास पडतो. एक, "वो चल बसे". माझे मामेसासरे पुण्याहून आलेले, शेजाऱ्याने सांगितलं दादाजी चल बसे, हे म्हणाले "अच्छा, कहाँ बैठे?" चल बसना म्हणजे वारणे. दुसरा खड्डा पोटाचा. "इसी दुकान से हमारा पेट चलता है" म्हटलं तर ठीक, आपल्यासारखंच पोट चालतं. पण नुसतं "मेरा पेट चल रहा है" म्हणालात की समोरचा ओआरएसची पुडी आणून देईल, कारण त्याचा अर्थ जुलाब लागलेत.

लोअरपरळ

कहाँ बैठे 😂😂 मेलो

मुंबईत या माई, इथे सगळं चलेगा. दौडना, भागना, चलना काहीही बोला, टॅक्सीवाला पोचवतो.

भुसावळकर_काका

ट्रेनच्या वाक्यावर मी बोलणार कारण ३४ वर्षं इंजिनात काढलीत, भुसावळ खंडवा इटारसी. आम्हा ड्रायव्हर गार्ड लोकांना रेल्वेत रनिंग स्टाफ म्हणतात, मुक्कामाला झोपायची जागा ती रनिंग रूम, हिंदी पट्ट्यातला माणूस पण रनिंग रूमच म्हणतो, तिथे कोणी भाषांतर करायला जात नाही. (गार्डला २०२२ पासून ट्रेन मॅनेजर म्हणायचं आहे, ते सोडा, आम्हाला सवय नाही.)

तर कंट्रोलला फोनवर आम्ही कायम "गाड़ी चालीस मिनट लेट चल रही है" असंच सांगायचो. "लेट दौड़ रही है" बोललो असतो तर पलीकडून आवाज आला असता, दौडतेय तर लेट कशी? मुद्दा तोच आहे ताई. हिंदीत दौड़ना म्हटलं की वेग आलाच. मराठीत आपण गाडीला धावणे लावतो तेव्हा वेगाशी काही संबंध नसतो, नुसती सेवा सुरू आहे एवढंच सांगायचं असतं, म्हणून मराठीत "उशिराने धावत आहे" म्हणताना कुणालाही विचित्र वाटत नाही. स्टेशनवर अनाउन्समेंट ऐका कधी, मराठीत गाडी धावते आणि लगेच पुढच्या हिंदी वाक्यात तीच गाडी "देरी से चल रही है". तीच गाडी, तोच उशीर.

अजून एक उदाहरण देतो, पोरीला इतिहासात असेलच. १६ एप्रिल १८५३, बोरीबंदर ते ठाणे, ३४ किलोमीटर. मराठी पुस्तकात "भारतातील पहिली रेल्वे धावली". हिंदी पुस्तकात "भारत की पहली रेलगाड़ी चली". दोघांचं बरोबर.

हां, हिंदी पेपरवाले नवीन गाडी सुरू झाली की "पटरी पर दौड़ी" असं छापतात, ते हेडिंगला जोर यावा म्हणून. ती उद्घाटनाच्या दिवशीच दौडते, दुसऱ्या दिवसापासून चालते.

नागपूरचा_पोट्टा

कोणी भागना बद्दल बोलूनच नाही राहिलं. हिंदीत साधं पळायला दौड़ना पेक्षा भागना जास्त ऐकू येते. "भाग, बस छूट जाएगी." इथे काही पळून जायचं नाही कुठे, फक्त जोरात चल. पण "वो घर से भाग गया" म्हटलं तर तो पळूनच गेला. "भाग गई" असं पोरीबद्दल म्हटलं तर मग पूर्ण मोहल्ल्यात चर्चा. म्हणून वर्कशीटमध्ये रन अवे असेल तर भाग जाना, नुसतं रेसमध्ये पळाली असेल तर दौड़ना लिहा, मास्तरणीले शंका नको.

आमच्या इकडे मराठीत पण भागणं म्हणजे पळणंच झालं आहे, हिंदीच्या शेजारामुळे. पण पश्चिम महाराष्ट्रात गडबड होते. माझी आत्या साताऱ्याची, तिले सांगितलं "पोट्टा भागून राहिला", तर म्हणे भागला असेल तर पाणी दे त्याला, बसव जरा. तिच्या मराठीत भागणं म्हणजे दमणं, लहानपणी आपण चांदोबाला विचारतो ते भागणं. शिवाय "एवढ्यात भागतं" म्हणजे पुरतं, आणि गणितातलं बारा भागिले तीन वेगळंच. एक शब्द, चार धंदे.

सांगलीची_माई

बाई गं, केवढं लिहिलंत सगळ्यांनी. ट्रेनचं काकांमुळे एकदम डोक्यात बसलं, लेकीलाही पटलं, ती म्हणाली म्हणजे धावणे मराठीत दमलेलं आहे आणि हिंदीत ताजं आहे. ह्यांना मी सांगितलं तुम्ही बरोबर होतात पण कारण काकांना माहीत होतं.

आता नवीन भानगड. तिने सुधारून लिहिलं "मैं कल साइकिल चलाया" आणि शेजारच्या यूपीच्या वहिनी म्हणाल्या चूक आहे. कशात चूक? आणि हिंदीत धावपळीला काय म्हणतात, ती निबंधात "भगदड़" लिहून बसलीय, "मम्मी सुबह बहुत भगदड़ करती है".

इंदूरी_मराठा

भगदड़ 😄 माई, भगदड़ म्हणजे चेंगराचेंगरी. जत्रेत, स्टेशनच्या पुलावर होते ती. तुमच्या स्वयंपाकघरात सकाळी होते ती भाग-दौड़ किंवा भागदौड़. आणि गंमत बघा, आपलं धाव अधिक पळ, त्यांचं भाग अधिक दौड़, दोन्ही भाषांनी पळण्याचे दोन दोन शब्द जोडून एकच दमणूक तयार केलीय, फक्त क्रम उलटा.

सायकलचं असं आहे. दौड़ना, भागना, चलना यांना भूतकाळात ने लागत नाही. मैं दौड़ा, वो भागी, गाड़ी चली. पण चलाना ला कर्म असतं, काहीतरी चालवलं, मग ने लागतो आणि क्रियापद कर्माच्या मागे जातं. साइकिल स्त्रीलिंगी, म्हणून "मैंने कल साइकिल चलाई". मी मुलगा असो वा मुलगी, चलाई च. तसं आपलंही आहेच ना, मी सायकल चालवली, तिने सायकल चालवली. पण मराठीत मी आणि तू ला ने दिसत नाही, त्याने तिने ला दिसतो. म्हणून आपली मंडळी "उसने चलाई" बरोबर बोलतात आणि स्वतःवर आली की "मैं चलाया" करतात. आमच्या काकू ५० वर्षं इंदूरात राहून "मैं खाना बनाया" म्हणतात, जावई अजून हसतात. पोरीला सांगा, मराठीत त्याने म्हणून बघ, तिथे ने आला तर हिंदीत मैंने पण येणार. सगळीकडे नाही जुळणार, ती लाया तिथे फसेल, पण वर्कशीटपुरतं पुरे.

आणि उलटी गंमत म्हणजे "दौड़ लगाना". "मैंने दौड़ लगाई" इथे ने आला, कारण दौड़ आता नाम झाली, लावायची वस्तू झाली. हे नाही सांगितलं तरी चालेल तिला.

पुण्याची_अनुवादक

मी इंग्लिशमधून हिंदी मराठी दोन्हीत अनुवाद करते, ॲप, मॅन्युअल वगैरे, रन हा शब्द दिसला की मी आधी चहा घेते. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाच्या नव्या कामात फक्त रन या क्रियापदाचे ६४५ अर्थ निघाले, एका संपादकाचे त्यात ९ महिने गेले. आधी हा मान सेट या शब्दाकडे होता. त्यामुळे फळ्यावर रन म्हणजे दौड़ना लिहिलं म्हणून शिक्षिकेला फार बोलू नका, फळा पुरला नसता. घरात घ्यायचाच असेल तर फादर कामिल बुल्के यांचा अंग्रेज़ी-हिंदी कोश घ्या, १९६८ चा, मूळचे बेल्जियमचे पण रांचीत राहून त्यांनी केलेला, मी अजून तो वापरते.

इंदूरींचा पाय, यंत्र, पाणी हा हिशोब चांगला आहे पण अडचण तिथे येते जिथे हिंदीत पळण्या-चालण्याचा शब्दच लागत नाही. साखर संपली, "चीनी ख़त्म हो गई", बस, पळापळ संपली. ताप असेल तर इंग्लिशमध्ये माणूस ताप रन करतो, हिंदीत त्याला बुख़ार होता है, नाहीतर चढ़ता है, आपल्याकडे येतो. ओळीने तीन दिवस पाऊस पडला, "लगातार तीन दिन". गाडीखाली आला, "गाड़ी ने कुचल दिया". आणि बाजारात जुनी मैत्रीण अचानक भेटली त्याला हिंदीत "टकरा गई" म्हणतात, म्हणजे आदळली. आपल्याकडे नुसती गाठ पडते, जरा सभ्य आहोत.

निवडणुकीचं मला सगळ्यात आवडतं. अमेरिकन माणूस निवडणुकीत पळतो. इंग्लंडमधला उभा राहतो. हिंदीत चुनाव लड़ते हैं, आपण लढवतो किंवा उभे राहतो. पळायला आपल्याकडे निकालानंतर सुरुवात होते.

कॉम्प्युटरच्या प्रोग्रॅमला मी हिंदीत "चलाएँ" लिहिते, मराठीत "चालवा" लिहिलं की क्लायंट हमखास "रन करा" करून परत पाठवतो. भांडत नाही आता.

लोअरपरळ

क्रिकेटचं कोणीच काढलं नाही अजून? मराठीत धाव, धावफलक, धावचीत, हिंदीत सरळ रन, रन आउट. "दो रन दौड़कर पूरे किए", म्हणजे रन तसाच ठेवला आणि पळणं वेगळं सांगितलं. मराठीत हे वाक्य करायचं तर "दोन धावा धावून" होतं, कानाला कसंतरी लागतं, म्हणून आपण धावा पळून काढतो. हिंदीवाल्यांनी शब्द उचलला म्हणून त्यांची सोय झाली, पण धावचीत सारखा शब्द त्यांच्याकडे नाही हे लिहून ठेवा. पायचीत, यष्टिचीत, त्रिफळाचीत, वाचूनच माणूस आउट वाटतो.

पुण्याची_अनुवादक

@लोअरपरळ त्रिफळाचीत साठी आख्खी पोस्ट माफ.

तसा शब्द न बदलता ठेवायची अजून उदाहरणं आहेत. साडीच्या दुकानात रनिंग ब्लाउज, म्हणजे साडीलाच जोडून आलेला पीस, पुण्यात, इंदूरात, बनारसला सगळीकडे रनिंगच. फॅब्रिकेशनवाल्याचा रनिंग फुटाचा भाव. जुनी स्कूटर विकायची तर "रनिंग कंडीशन". यांचं दौड़ता हुआ ब्लाउज करू नका म्हणजे झालं.

सांगलीची_माई

दौड़ता हुआ ब्लाउज वाचून लेक जमिनीवर लोळतेय.

सगळी वाक्यं झाली, एकच राहिलंय. धुताना लाल कुर्त्याचा रंग गेला, त्यालाही इंग्लिशमध्ये रनच दिलाय. रंग पातळ म्हणून बहना लिहू का? तिने "रंग भाग गया" लिहिलंय, नागपूरच्या दादांचा परिणाम.

नागपूरचा_पोट्टा

माझं नाव नका घेऊ मास्तरणीसमोर.

इंदूरी_मराठा

बहना नको. "कुर्ते का रंग छूट गया" किंवा "रंग निकल गया". दुकानदाराला विचारायचं असेल तर "रंग तो नहीं छूटेगा?" तो हमखास म्हणणार पक्का है बहनजी, आणि पहिल्या धुण्यात बादली गुलाबी.

भुसावळकर_काका

आणि पोरीला सांगा वर्कशीट परत आलं की ट्रेनच्या वाक्याला मार्क किती मिळाले ते इथे टाकायला. टीचरनी "दौड़ रही है" च बरोबर धरलं असेल तर मी पत्र लिहून देतो, इंजिनाच्या चिन्हासकट.

सांगलीची_माई

टाकते काका नक्की. आत्ता फायनल वाचून झालं. हे शेजारी बसून ऐकत होते, "मेरे पापा दुकान चलाते हैं" ला हो म्हणाले. मग तिने शहाणपणा करून पुढे एक वाक्य जोडलं होतं, "दुकान अच्छी चलती है", ते मात्र खोडायला लावलंय. म्हणाले मी चालवतो एवढंच लिही, चलती आहे असं लिहिलंस तर उधारीवाले अजून पैसे देणार नाहीत.